संग्रहालयातून गेलेली चादर

त्या प्रकरणाचा विषय निघाला की अजूनही माझा आवाज चढतो आणि घरातले कोणीतरी हळूच टीव्ही लावते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड घेतला. त्यातले बरेचसे आता विसरलो आहे. पण सोलापुरातल्या एका कलासंग्रहालयातून चादर चोरीला गेल्याची फिर्याद माझ्याकडे आली होती, ती काही विसरता येत नाही. त्या गुन्ह्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. तरीही इतका संताप मला दुसऱ्या कुठल्याच गुन्ह्याने आणला नाही. मी कोणाचेही नाव घेणार नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

आधी ते संग्रहालय कसे उभे राहिले ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. शहरातली एक कापडगिरणी बंद पडून बरीच वर्षे लोटली होती. तिच्या आवारातले सुताचे एक गोदाम तेवढे शाबूत होते. शाळेतून निवृत्त झालेल्या एका चित्रकलेच्या शिक्षकांनी ते मागून घेतले. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. सरांचे म्हणणे साधे होते. राजांची नाणी आणि तलवारी ठेवायला पुष्कळ जागा आहेत. आज या शहरात जी माणसे राहतात, ती काय रंगवतात, काय घडवतात, ते ठेवायला एक खोली नको का?

गोदामात कबुतरांनी विष्ठेचा बोटबोटभर थर चढवला होता. तो खरवडायला तिघे होते. एक सर स्वतः. दुसरा त्या गिरणीतला म्हातारा तेलुगू विणकर. गिरणी बंद पडल्यावर तो पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात मागावर बसत असे. तिसरी एक बाई. तिचा नवरा त्याच गिरणीत सूत कातण्याच्या रिंग खात्यात होता. गिरणी गेल्यावर तो मिळेल ते काम करत राहिला आणि पन्नाशीच्या आतच वारला. विणकर आणि तो दोस्त. दोघांनी वर्षानुवर्षे एका डब्यातले खाल्ले होते. बाई बुद्धविहाराशेजारच्या वस्तीत राहत होती. सरांनी तिला झाडलोटीला म्हणून ठेवले, आणि दोन वर्षांत तीच आलेल्या माणसांना हात धरून चित्रांपुढे न्यायला लागली. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत.

लोकांनी वस्तू आणून दिल्या. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने आयुष्यभर स्वतःसाठी काढलेली माणसांची तोंडे दिली. विड्या वळणाऱ्या बायकांनी विडीच्या पानांचे मोठे झाड करून दिले. दुधनीकडच्या एका शिक्षिकेने शाळेतल्या मोडक्या फळ्यांवर मराठी आणि कानडी अक्षरांची चित्रे काढली होती, ती आली. आणि विणकराने चादर दिली.

ती चादर म्हणजे त्या संग्रहालयाचा जीव होता. कारखान्याच्या मालकाला विचारून तो सुट्टीच्या दिवशी ती विणत असे. मध्ये गिरणीचे साखळी घातलेले फाटक आणि धुराडे. शेवटच्या पाळीला त्या फाटकातून जे जे कामगार बाहेर पडले, त्या सगळ्यांची नावे आडव्या ओळींनी वरपासून खालपर्यंत. ज्याची जी लिपी, तीत त्याचे नाव: मराठी, तेलुगू, उर्दू. चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या कार्डांवरून उठते. म्हणजे एकेका नावासाठी त्याने वेगळी कार्डे पाडली होती. दोन वर्षे लागली. देताना त्याने सरांना चिठ्ठी लिहून दिली होती की नावे वाचता येतील अशा ठिकाणी लावा.

पुढे संग्रहालय वाढले. आधी शाळांच्या सहली, मग पुण्या-मुंबईचे चित्रकार, मग वर्तमानपत्रे. मग मान्यवर आले. समिती झाली, तिला सचिव मिळाले, नवे काचेचे दालन झाले, वातानुकूलन आले. सरांना ‘मानद सल्लागार’ केले गेले आणि बैठकीचे निरोप त्यांना बैठक झाल्यावर मिळू लागले. नव्या दालनाच्या उद्घाटनाला बंदोबस्तावर मीच होतो. सर मला तिसऱ्या रांगेत बसलेले दिसले. मावशी चहाच्या टेबलामागे होती.

उद्घाटनाला तीन-चार महिने झाले असतील. एका मंगळवारी सकाळी सचिव ठाण्यात आले. मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. रविवारी संध्याकाळी बंद करताना चादर भिंतीवर होती, सोमवारची सुट्टी, मंगळवारी उघडले तर नाही. किल्ल्या फक्त मावशीकडे. तिच्या नवऱ्याचे नाव चादरीवर असल्यामुळे तिची त्या वस्तूवर आधीपासून नजर होती, असेही त्यांनी फिर्यादीत लिहून आणले होते. नोकराने केलेल्या चोरीचे कलम लावून गुन्हा नोंदवला. दिल्लीतल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी ती चादर मागवण्यात आली होती, तेव्हा तपास लवकर व्हावा, असेही ते जाताना सांगून गेले.

फिर्याद घेताना मी नेहमीचा प्रश्न विचारला: वस्तूचे वर्णन सांगा. सचिव म्हणाले, ‘टेक्स्टाइल पीस, इंडस्ट्रियल हेरिटेज थीम.’ मी विचारले, त्यावर नावे कोणाकोणाची होती? ते म्हणाले, ‘बॉर्डरला काहीतरी टायपोग्राफी होती.’ मी ते लिहून घेतले आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवे होते. वर्षानुवर्षे मी चोरीच्या फिर्यादी घेतल्या होत्या. जिचे मंगळसूत्र जाते तिला वाट्यांमधले मणी पाठ असतात. ज्याची सायकल जाते तो पोचा कुठे आहे ते बोटाने दाखवतो. हा माणूस संग्रहालयातली सर्वांत मोठी वस्तू गेली म्हणत होता आणि तिच्यावर काय होते ते त्याला माहीत नव्हते. पण अंगावर इस्त्रीचा सदरा आणि तोंडात इंग्रजी असले की आमच्या डोळ्यांवर झापड येते. माझ्याही आली.

बुधवारी मावशीला आणायला गाडी गेली. सकाळची वेळ, नळाला पाणी आलेले, सगळी वस्ती बाहेर. महिला हवालदाराने तिला गाडीत बसवले ते सगळ्यांनी पाहिले. पहिल्या दिवशी ती एकच वाक्य बोलली, ‘मी न्हाय घेतली.’ संध्याकाळी तिला घरी सोडले.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला: चादर वळसंगला तिच्या भावाच्या घरी आहे. खबर नेमकी होती. नेमकी खबर मिळाली की पोलीस खूश होतो, ती कोणी आणि का दिली हे विचारायचे राहून जाते. आम्ही वळसंगला गेलो. दोन खोल्यांचे घर. भाऊ रानात होता, घरी भावजय आणि मावशीची म्हातारी आई. पंचांसमक्ष कांबळी, वाकळा, चादरी, सगळे अंगणात पसरले. एका ट्रंकेत भावजयीचे लग्नातले लुगडे होते, तेही उलगडले. गाव गोळा झाला. काहीही मिळाले नाही. निघताना म्हातारी म्हणाली, ‘आता ह्याच्या घड्या कोन घालायच्या?’ माझ्या शिपायांपैकी एकाने खाली वाकून दोन घड्या घातल्या. मी घातली नाही. मीही गावाकडचाच, वैरागचा. आमच्या घरी असे कोणी केले असते तर मी काय केले असते, हा विचार गाडीत बसल्यावर आला.

दुसऱ्या दिवशी मावशी ठाण्यात आली ती वेगळीच होती. वळसंगची बातमी तिला रात्रीच कळली होती. बाकावर न बसता ती टेबलासमोर उभी राहिली.

‘साहेब, भावाच्या वाकळा अंगणात टाकल्या म्हनं तुमी. मला इचारायचं की. ती चादर कशी हाय ते मी सांगते, तुमी लिवून घ्या.’

आणि तिने सांगितले. वरून पहिली ओळ कोणाची, दुसरी कोणाची. तेलुगू तिला वाचता येत नव्हते, पण विणकराने सांगितलेली नावे तिला पाठ होती. फाटकाची साखळी किती कड्यांची. धुराड्याच्या डाव्या अंगाला काळे सूत संपले म्हणून विणकराने चार बोटे निळे घातलेले. नवऱ्याचे नाव उजवीकडे, सातव्या ओळीत. ‘त्येच्या नावाच्या खाली एक गाठ हाय. मी रोज तितं हात लावायची. सर म्हनायचे, हात लावू नका, कापड मळतं. मी धुतलेला हात लावायची.’

मी विचारले, चादर शेवटची कधी पाहिली?

‘नव्या इमारतीच्या कार्यक्रमाआदी. सचिव साहेबांनी सोता गुंडाळून गाडीत घातली. दुरुस्तीला न्यायची हाय म्हनाले, सरांनाबी त्येच सांगितलं. त्या दिसापासून भिंत मोकळीच हाय.’

‘मग इतके दिवस तुम्ही कोणाला बोलला नाहीत?’

‘दोनदा इचारलं. दुसऱ्यांदा म्हनाले, मावशी, तुमचं काम झाडायचं हाय.’ मग म्हणाली, ‘मी घेतली असती तर आज माज्याकडं असती की, साहेब. मी तिला कुटं जाऊ दिली असती व्हय?’

त्या क्षणी मला खात्री पटली. पण खात्रीने केस चालत नाही, आणि समितीतल्या मान्यवरांचे फोन वरच्या साहेबांकडे सुरू झाले होते. अटक का नाही, असे विचारत होते. मी वेळ मागून घ्यायला सहायक आयुक्तांच्या कचेरीत गेलो.

ते सज्जन अधिकारी. मला बसा म्हणाले. मी बोलायला सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर सुटले. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर हातभर लांबीची एक काचेची चौकट होती. आत कापडाचा तुकडा. त्यावर धुराड्याचा एक भाग, त्यात चार बोटे निळे सूत, आणि बाजूला नावांच्या ओळी, अर्ध्यावर कापलेल्या. मी विचारले, साहेब, हे कुठून आले? ते सहज म्हणाले, ‘त्या संग्रहालयाच्या उद्घाटनात पाहुण्यांना कागदात बांधून स्मृतिचिन्ह दिले. छान आहे ना?’

मी चौकट उतरवायची परवानगी मागितली. त्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून ती काढली. मागे फ्रेम करणाऱ्या दुकानाचा कागद चिकटवलेला होता.

दुकानदार साठीचा, दखनी बोलणारा. चौकट टेबलावर ठेवताच त्याने ती ओळखली. मग म्हणाला, ‘मैं दो बार पूछा साब उनकू, सच्ची काटना क्या बोलके. नामां हैं इसपे, बोला मैं. वो बोले, काटो, बारा टुकडे करो.’ त्याने कटाईचा कागद जपून ठेवला होता. मापे सचिवांच्या हातची, खाली सही. तारीख उद्घाटनाच्या आठवडाभर आधीची. उरलेल्या चिंध्याही त्याने टाकल्या नव्हत्या. एका पिशवीत घालून ठेवल्या होत्या, आणि ती पिशवी त्याने माझ्या हातात दिली.

सचिवांना ठाण्यात बोलावले. मी कागद समोर ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि मला समजावून सांगायला लागले. दिल्लीहून पत्र आले तेव्हा उत्तर काय द्यायचे हा प्रश्न पडला. चादर कापली म्हटले तर संस्थेची बदनामी. चोरीला गेली म्हटले तर सहानुभूती. वळसंगचा फोन समितीच्याच एका कारकुनाकडून करवला होता, हेही कबूल केले. त्यात त्यांना फार काही वावगे वाटत नव्हते. बाई गरीब आहे, पुराव्याअभावी सुटलीच असती, असे म्हणाले.

मी विचारले, कापलीच का?

ते म्हणाले, ‘इन्स्पेक्टर, शेवटी ते कापड होतं. पाहुण्यांना सोलापूरचं काहीतरी द्यायचं होतं. आणि त्याचा उत्तम फोटो आम्ही काढून ठेवलाय. कलेत महत्त्वाची असते ती कल्पना.’

नोकरीत मी कोणावर हात उचलला नाही असे खोटे सांगणार नाही. पण त्या दिवशी मी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली डोके धरले. ज्या संग्रहालयाने कधी कोणी दखल न घेतलेल्या माणसांची नावे भिंतीवर लावली, त्याच संग्रहालयाच्या सचिवाने ती कात्रीने कापली, पाहुण्यांत वाटली, आणि ज्या बाईला ती पाठ होती तिलाच चोर ठरवले. ती बाई कोणत्या वस्तीतली आहे, हे फिर्याद लिहिताना त्यांच्या मनात नव्हते, असे मला कोणी सांगू नये.

खरा संताप पुढे आला. चादर चोरीला गेलीच नव्हती. ती संस्थेच्या मालकीची होती आणि संस्थेनेच ती कापली होती. स्वतःच्या मालकीची वस्तू कापणे हा गुन्हा नाही. मी ‘ब’ समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे फिर्याद खोटी. खोटी माहिती दिल्याबद्दल सचिवांवर कारवाईचा प्रस्तावही पाठवला. समरी मंजूर झाली. दुसरे प्रकरण तारखांत अडकले आणि मी निवृत्त झालो तेव्हाही चालूच होते. सचिव प्रकृतीच्या कारणास्तव पदावरून गेले. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या एका संस्थेच्या सल्लागार मंडळावर दिसले. सरांना समितीने पुन्हा बैठकीला बोलावले. सर गेले.

मावशीला न्यायालयाकडून कळवण्यात आले. टपालाने. पाकीट घेऊन ती ठाण्यात आली आणि मला म्हणाली की ते वाचून दाखवा. मी वाचले. तिने विचारले, ‘हे माज्या गल्लीत कोन वाचनार?’

याला कायद्यात तरतूद नाही. आरोप गाडीतून, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत येतो. निर्दोष असल्याचा कागद बंद पाकिटात येतो. त्या रविवारी सकाळी विहारात वंदना संपल्यावर मी गणवेशात तिथे गेलो. कोणाची परवानगी घेतली नव्हती. बाहेर माणसे बसली होती, त्यांना मी सांगितले की या बाईंनी काहीही चोरलेले नाही, फिर्याद खोटी होती, आणि त्यांना गाडीत घालून नेले ती चूक माझी. एका म्हाताऱ्याने विचारले, ‘वळसंगला गेला होता का सांगायला?’ मी म्हणालो, तिकडेच निघालोय. आणि गेलो. भावाने चहा दिला. म्हातारी आतून बाहेर आली नाही. तिचे बरोबरच होते.

विणकराला कोणी सांगायचे, हे सर आणि मी एकमेकांवर ढकलत राहिलो. शेवटी दोघेही गेलो. त्याने पिशवीतल्या चिंध्या मांडीवर घेतल्या, एकेक सूत बोटाने सरळ केले आणि म्हणाला, ‘परत विणता येत न्हाय. कार्डं विकली मी, रद्दीत. चादर हाय म्हणून विकली.’ बारा तुकडे परत आणले तर जोडाल का, असे सरांनी विचारले. तो म्हणाला, जोडू नका. कापलेलं दिसू दे.

जप्तीचा अधिकार नव्हता म्हणून मी बाकीच्या अकरा पाहुण्यांच्या दारात हात जोडून गेलो. सहायक आयुक्तांनी पहिली चौकट त्याच दिवशी दिली होती. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी ऐकताक्षणी काढून दिली. एका डॉक्टरबाईंना रडू आले. दहा चौकटी परत आल्या आणि त्याच भिंतीवर, मधली फट ठेवून, लागल्या. मावशी कामावर परत गेली. मला वाटले होते ती तिथे पाऊल टाकणार नाही. मी तसे म्हटले तर ती म्हणाली, ‘मानसं तितं हायत. मी कुटं जाऊ?’

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नव्या पोरांना प्रशिक्षणात सांगायची वेळ आली तेव्हा मी एवढेच सांगत असे: फिर्यादीला किंमत विचारू नका, आधी वस्तू विचारा. आणि ज्याच्या घरच्या वाकळा अंगणात टाकता, त्या घडी घालून ठेवल्याशिवाय गाडीत बसू नका. हे कुठल्या नियमावलीत नाही. असायला हवे.

दोन चौकटी आलेल्या नाहीत. एकीचे मालक परदेशी गेले, पत्राला उत्तर देत नाहीत. दुसरी सोलापुरातच आहे, एका दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर. मी तिथे तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला त्या गृहस्थांनी मला सांगितले की भेट म्हणून मिळालेली वस्तू परत मागणे असभ्यपणाचे आहे, आणि त्यांच्या भिंतीला तो रंग शोभतो. कात्री सातव्या ओळीतल्या नावाच्या मधून गेली आहे. मावशीच्या नवऱ्याचे नाव संग्रहालयात परत आले. त्याचे आडनाव आणि खालची गाठ त्या दिवाणखान्यात आहे.

दिवाणखान्यातले साहेब, मी आता निवृत्त आहे. तुमच्यावर कसलीही कारवाई मला करता येत नाही, आणि तेव्हाही येत नव्हती. मावशी सोमवार सोडून रोज सकाळी दहाला संग्रहालय उघडते. चौकट तिच्या हातात नेऊन द्या.